वाचकांचे प्रश्न: टॅरोमधील टांगलेला माणूस

चित्रे आणि चिन्हे यांविषयीच्या या सदरात मागील अंकात टॅरोच्या, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या, संचातील बाराव्या क्रमांकाचे ‘द हँग्ड मॅन’ हे पान छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा रोख थेट चित्रावर आहे, अशी पाच पत्रे येथे घेतली आहेत. ज्यांच्या हाती तो अंक नाही त्यांच्यासाठी चित्राचे थोडक्यात वर्णन करतो. राखाडी पार्श्वभूमीवर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा लाकडी खांब आहे आणि त्याच्या आडव्या दांड्याला एक तरुण उजव्या पायाने बांधलेला आहे. त्याचे डोके खाली आहे, डावा पाय गुडघ्यात मुडपून उजव्या पायामागे आडवा गेलेला आहे आणि दोन्ही हात पाठीमागे आहेत. अंगात निळा अंगरखा, पायांत लाल तंग विजार आणि डोक्याभोवती पिवळे प्रभामंडळ आहे.

प्रश्न: माझ्या मुलीने नोकरी बदलण्याआधी टॅरो वाचणाऱ्या एका बाईंकडे जाऊन कार्डे काढून घेतली. त्यांत हेच कार्ड निघाले. बाईंनी ‘थांबावे लागेल, काहीतरी सोडावे लागेल’ एवढेच सांगितले. परंतु चित्र पाहून घरातल्या सर्वांनीच धसका घेतला आहे. हे कार्ड अशुभ समजावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: कोणते पान कोणते भविष्य सांगते, याचा निवाडा हे सदर करीत नाही, आणि नोकरीचा निर्णय काम, पगार आणि अंतर पाहूनच घ्यावा, असे माझे मत आहे. मात्र चित्रापुरते बोलायचे तर धसका घ्यावा असे त्यात काहीही नाही, आणि हे माझे समाधानाचे शब्द नसून ज्यांनी हे चित्र घडवले त्यांनीच तशी काळजी घेतली आहे. आपण पाहिलेला संच १९०९ मध्ये लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने काढला. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची आहेत. वेटने या पानांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकात या चित्रातील तीन गोष्टी मुद्दाम लक्षात आणून दिल्या आहेत: खांबाचे लाकूड जिवंत असून त्याला पाने फुटलेली आहेत, माणसाच्या चेहऱ्यावर वेदना नसून खोल तल्लीनता आहे, आणि एकंदर आकृती थांबलेल्या आयुष्याची सूचना देते, पण ते आयुष्यच आहे, मरण नव्हे.

या तिन्ही गोष्टी चित्र हातात घेऊन पडताळता येतात. खांबाच्या टोकांशी हिरवी पाने स्पष्ट दिसतात. वधस्तंभाला पालवी फुटत नाही, त्यामुळे तेवढ्या एका तपशिलाने तो वधस्तंभ राहत नाही. दोर पायाला आहे, गळ्याला नाही. चेहरा उलटा असल्यामुळे पहिल्या नजरेत त्याचा भाव कळत नाही. पान फिरवून पाहिले की मोकळी कपाळपट्टी आणि मिटलेले, न आवळलेले ओठ दिसतात. स्मिथ यांचा लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींशी जवळचा संबंध होता आणि त्यांनी नाटकांसाठी नेपथ्य व वेशभूषेचे कामही केले होते, हे येथे ध्यानात घ्यावे असे मला वाटते. शरीर कसे ठेवले म्हणजे प्रेक्षकाला दुरूनही काय कळते, याची जाण त्यांच्या सर्वच पानांत दिसते. या तरुणाच्या अंगाला कोठेही पीळ नाही, तो सुटण्यासाठी धडपडत नाही. मुडपलेला पाय तर जवळजवळ आरामात ठेवलेला आहे.

मुलीला सांगितलेले ‘थांबावे लागेल’ हे या थांबलेल्या आयुष्याच्या सूचनेतून आले आहे आणि ‘सोडावे लागेल’ हे वेटच्याच दुसऱ्या यादीतून. त्याने पुस्तकात भाकितासाठी जे अर्थ दिले आहेत त्यांत शहाणपण, सावधपणा, कसोटी, त्याग आणि अंतःप्रेरणा असे बरेच काही एकत्र आहे. गंमत अशी की चित्राच्या वर्णनात तोच वेट या पानाला हौतात्म्याचे, विवेकाचे किंवा कर्तव्याचे पान म्हणणाऱ्या सर्वांना चुकीचे ठरवतो आणि आपल्यापुरते एवढेच म्हणतो की हे चित्र ईश्वर आणि विश्व यांच्यातील नात्याचा एक पैलू दाखवते. एवढे मोठे विधान करून तो पुढे फारसे काही उलगडत नाही. ही त्याची जुनी खोड आहे. म्हणून मी वाचकांना नेहमी सांगतो की वेटची यादी बाजूला ठेवावी आणि त्याने चित्रात काय पाहायला सांगितले आहे ते पाहावे.

प्रश्न: फाशी द्यायची तर गळ्याला दोर लावतात. येथे एका पायाने का टांगले आहे? ही कोणत्या काळातील शिक्षा होती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आपल्या प्रश्नाने या पानाच्या मुळाशीच हात घातला आहे. टॅरोची पाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाली. त्यांचा भाकिताशी संबंध पुष्कळ नंतर आला. नेहमीच्या चार रंगांच्या ५६ पानांना २२ चित्रांची जोड दिली होती आणि त्यांपैकी बहुतेक चित्रे खेळात हुकमाचे काम करीत. त्या काळच्या इटालियन माणसाला या बाराव्या चित्रात कोणतेही गूढ वाटण्याचे कारण नव्हते. जुन्या इटालियन याद्यांमध्ये याचे नाव ‘द्रोही’ असे येते, आणि द्रोह्याचे चित्र असेच काढतात हे त्याने आपल्या शहराच्या भिंतीवर पाहिलेले असे.

तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंत उत्तर आणि मध्य इटलीतील नगरराज्यांत बदनामीची चित्रे काढण्याची पद्धत होती. जो फितूर झाला, ज्याने कर्ज बुडवले, ज्याने खोटे दस्त केले आणि जो पळून गेल्यामुळे हाती लागत नव्हता, त्याचे चित्र नगरसभेच्या किंवा न्यायाधिकाऱ्याच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे रंगवले जाई आणि पुष्कळदा त्यात त्याला एका पायाने उलटा टांगलेला दाखवले जाई. माणूस सापडला नाही तरी त्याची अब्रू सापडते, असा त्यामागचा हिशेब होता. गळफासाचे चित्र मृत्यू दाखवते. पायाने टांगलेल्याचे चित्र माणसाला जिवंत ठेवून त्याची मान कायमची खाली करते. एका पायाचे रहस्य माझ्या दृष्टीने एवढेच आहे.

या चित्रांचा धाक चित्रकारांनाही होता. फ्लॉरेन्समध्ये १४४० च्या अंघियारीच्या लढाईनंतर आन्द्रेआ देल कास्तान्यो याने बंडखोरांची टांगलेली चित्रे रंगवली आणि त्यानंतर लोक त्याला ‘टांगलेल्यांचा आन्द्रेआ’ या नावानेच ओळखू लागले. पुढे १५२९-३० मध्ये शहराला वेढा पडलेला असताना पळून गेलेल्या सरदारांची अशीच चित्रे काढण्याचे काम आन्द्रेआ देल सार्तो याच्याकडे आले, तेव्हा त्याने ते काम आपला एक शिष्य करीत असल्याची बतावणी केली. नाव तेच असल्यामुळे आपल्यालाही तीच उपाधी चिकटेल, ही त्याची भीती होती, असे चरित्रकार वासारी सांगतो. भिंतीवरची ती चित्रे उरली नाहीत. परंतु देल सार्तोची त्यासाठी केलेली रेखाटने उफिझी संग्रहालयात आहेत, आणि त्यांतील उलटी लटकणारी शरीरे पाहिली की आपल्या हातातील पानाचे पूर्वज कोण, याविषयी शंका उरत नाही.

स्फोर्झा घराण्याची हकीकत तर मला फारच अर्थपूर्ण वाटते. मुत्सिओ आतेन्दोलो स्फोर्झा हा भाडोत्री सैन्याचा सेनापती १४१२ मध्ये पोपपदावर हक्क सांगणाऱ्या तेविसाव्या जॉनची चाकरी सोडून नेपल्सच्या राजाकडे गेला, तेव्हा जॉनने रोममध्ये त्याची पायाने टांगलेली चित्रे लावली. त्याचाच मुलगा फ्रान्चेस्को स्फोर्झा १४५० मध्ये मिलानचा ड्यूक झाला. त्याच्या आणि त्याची पत्नी बियांका मारिया व्हिस्कोन्ती हिच्या घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेला जो संच आज टॅरोचा सर्वांत नावाजलेला जुना संच म्हणून ओळखला जातो, त्यातही हा उलटा टांगलेला तरुण आहे. वडिलांची बदनामी ज्या मुद्रेत झाली ती मुद्रा ड्यूकच्या खेळाच्या पानांत येताना कोणाच्या मनात काय आले असेल, ते सांगता येत नाही. तेव्हाच्या सरदारांना फितुरी हा व्यवसायाचाच भाग वाटत असावा, असा आपला माझा तर्क आहे.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील पंधराव्या शतकातील एका इटालियन संचात हा माणूस दोन्ही हातांत पैशांच्या थैल्या धरून लटकलेला आहे. पैशांसाठी येशूला पकडून देणारा ज्यूडास त्या काळच्या ख्रिस्ती प्रेक्षकाला तेथे लगेच आठवला असणार. आपल्या पानावर थैल्या नाहीत आणि त्यांच्या जागी प्रभामंडळ आले आहे. चारशे-साडेचारशे वर्षांत द्रोह्याचा साधक झाला तो असा, आणि हे स्थित्यंतर माहीत नसेल तर ‘त्याग’ हा अर्थ या पानात पहिल्यापासून होता, असा गैरसमज होतो.

प्रश्न: कार्ड उलटे निघाले तर हा माणूस सरळ उभा दिसतो. मग उलट्या कार्डाचा अर्थ चांगला मानावा का? आणि ही सर्व चित्रे मूळ इजिप्तची आहेत, हे खरे का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर: आपले दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या दारात जाऊन थांबतात. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या मोठ्या ग्रंथमालेच्या एका खंडात असे प्रतिपादन केले की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी खेळाच्या रूपात लपवून ठेवलेले ज्ञान आहे. त्याला पुरावा नव्हता. चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे इजिप्तविषयी काहीही म्हणता येत असे. शाँपोलियाँ या फ्रेंच विद्वानाने १८२२ मध्ये ती उलगडल्यानंतर तिच्यात टॅरोचा मागमूसही निघाला नाही. इजिप्तचा खरा संबंध फार तर एवढाच आहे की टॅरोतील पेले, नाणी, तलवारी आणि काठ्या हे चार रंग इजिप्तच्या मामलुक राजवटीतील खेळाच्या पानांवरून युरोपात गेले. आपल्याकडील सावंतवाडीचा गंजिफा हा याच जुन्या पत्त्यांच्या गोतावळ्यातला, इराणच्या वाटेने आलेला नातेवाईक आहे. पण टॅरोची २२ चित्रे ही इटलीत पडलेली भर असल्यामुळे टांगलेल्या माणसाचा भाऊबंद गंजिफ्यात शोधू नये.

जेबलँच्या मनात या पानाविषयी एक वेगळीच अडचण होती. युरोपीय परंपरेत न्याय, धैर्य, संयम आणि विवेक हे चार प्रमुख सद्गुण मानतात. त्यांपैकी पहिले तीन टॅरोत आहेत आणि चौथा नाही. जेबलँने ठरवले की हा चौथा सद्गुण म्हणजेच हे बारावे पान. त्याच्या मते मूळ चित्रात एक पाय जमिनीवर टेकवून दुसरा पाय कोठे ठेवावा, याचा विचार करीत उभा असलेला विवेकी पुरुष होता आणि अडाणी छापणाऱ्यांनी तो उलटा छापला. त्याच्या मागोमाग एतेया या नावाने प्रसिद्ध असलेल्या पॅरिसच्या भविष्यवेत्त्याने स्वतःचा संच काढला आणि त्यात टांगलेल्या माणसाला रजा देऊन त्याच्या जागी विवेकच बसवला. आपण पान फिरवले आणि माणूस उभा दिसला, हे निरीक्षण अशा रीतीने सव्वादोनशे वर्षांहून जुने आहे, आणि चुकीचेही आहे. कारण भिंतीवरची बदनामीची चित्रे जेबलँच्या कितीतरी आधीची आहेत आणि त्यांत माणूस उलटाच आहे.

पान उलटे आल्यास वेटने दिलेले अर्थ स्वार्थ आणि जमाव असे आहेत. त्यांना चित्राच्या आधाराने समजून घ्यायचे असेल तर असे पाहता येईल: सरळ पानात माणूस जगाच्या उलट आहे आणि एकटा आहे, पान फिरवले की तो इतर सर्वांसारखाच, चारचौघांत मिसळणारा होतो. त्यामुळे ‘उभा आहे म्हणजे चांगले’ हा हिशेब या पानाला लागू पडत नाही. एक छोटा प्रयोग मात्र जरूर करावा. फिरवलेले बारावे पान एकविसाव्या पानावरील नाचणाऱ्या आकृतीशेजारी ठेवावे. पाय मुडपून दुसऱ्यामागे आडवा नेण्याची ढब दोन्हींत जवळजवळ सारखी आहे आणि स्मिथ यांनी ती जाणून ठेवली असावी, असे मला वाटते.

प्रश्न: हे चित्र पाहताच मला उलटे लटकून तप करणारे ऋषी आठवले आणि गीतेच्या पंधराव्या अध्यायातील वर मुळे व खाली फांद्या असलेला अश्वत्थही आठवला. हा अर्थ या चित्राला लावता येईल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर: लावता येईल, पण तो चित्रकर्तीच्या नावावर खपवता येणार नाही. वेट किंवा स्मिथ यांच्यासमोर हे चित्र करताना गीता होती, असे दाखवणारे काही नाही. वेटने या आकृतीचा संबंध जोडला आहे तो खांबाच्या टी-आकाराच्या क्रॉसशी आणि पायांच्या ठेवणीतून सूचित होणाऱ्या स्वस्तिकाशी. ते स्वस्तिक मला तरी कष्टाने दिसते, कारण त्याचा एकच मुडपलेला हात आपल्या वाट्याला येतो. त्याच्या आधी एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने पायांचा क्रॉस आणि त्याखाली डोके व कोपरे मिळून होणारा, टोक खाली असलेला त्रिकोण अशी मांडणी सुचवली होती. ती डोळ्यांना अधिक पटते.

तरीही आपली आठवण दुर्लक्षिण्यासारखी नाही, कारण तिच्यामुळे पाहणाऱ्याची बाजू उघड होते. महाभारताच्या आदिपर्वात गरुड ज्या फांदीवर बसतो ती मोडते, तेव्हा तिला डोके खाली करून लटकलेले वालखिल्य ऋषी त्याला दिसतात आणि त्यांना इजा होऊ नये म्हणून तो ती फांदी चोचीत धरून उडतो. अशा कथा ऐकत वाढलेल्या माणसाला उलटे लटकलेले शरीर पाहून पहिल्यांदा तप आठवते, अपमान नव्हे. पंधराव्या शतकातील मिलानच्या रहिवाशाला नेमके उलटे वाटले असते. अर्थात युरोपातही ही मुद्रा सर्वकाळ लाजिरवाणी नव्हती. संत पीटरने येशूसारखे मरण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणून स्वतःला उलटे क्रूसावर चढवून घेतले, ही कथा तेथे घरोघरी माहीत होती. प्रभामंडळ असलेले आपले पान या दुसऱ्या धाग्याला अधिक जवळचे आहे, म्हणूनच भारतीय वाचकाला ते परके वाटत नाही.

अश्वत्थाशी तुलना करताना मात्र फरकाकडे लक्ष द्यावे. गीतेत वृक्ष उलटा आहे आणि तो अनासक्तीच्या शस्त्राने तोडायचा आहे, कारण तो संसार आहे. पानावर लाकूड सरळ आहे, माणूस उलटा आहे, आणि ते लाकूड तोडायचे तर नाहीच, उलट त्याला पालवी आहे हेच महत्त्वाचे आहे. वेटने म्हटल्याप्रमाणे हे ईश्वर आणि विश्व यांच्या नात्याचे चित्र मानले, तर दोन्हींचा विषय एक ठरतो, परंतु सल्ला वेगळा ठरतो. मला विचाराल तर आदिपर्वातीलच जरत्कारूच्या पितरांची कथा यापेक्षा उपयोगी पडेल. वाळ्याच्या गवताच्या एका तंतूला धरून ते खड्ड्यात उलटे लोंबकळत आहेत आणि तो तंतूही उंदीर कुरतडत आहे; तो उंदीर म्हणजे काळ आणि तो तंतू म्हणजे वंशाचा अखेरचा पुरुष, असा अर्थ कथेतच दिला आहे. तेथे आधार झिजत चालला आहे म्हणून लटकणाऱ्यांना घोर लागला आहे. येथे आधार वाढता आहे आणि लटकणारा निश्चिंत आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की खांबाची पाने किती मोलाची आहेत, ते कळते.

प्रश्न: निळा अंगरखा म्हणजे ज्ञान, लाल विजार म्हणजे वासना, पिवळे म्हणजे आत्मतेज, असे एका वर्गात शिकवले गेले. हे प्रमाण मानावे का? (एक वाचिका, डोंबिवली)

उत्तर: जपून मानावे. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्मिथ यांनी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात अतिशय थोड्या पैशांत एक मोठे काम पूर्ण केल्याचे कळवले आहे आणि पानांची रंगीत छपाई बहुधा वाईटच होईल, अशी धास्तीही व्यक्त केली आहे. त्यांची मूळ चित्रे आज उपलब्ध नाहीत, आणि नंतरच्या आवृत्त्यांत तर छटा पुष्कळ बदलल्या आहेत. वेटच्या वर्णनात या पानावरील कपड्यांच्या रंगांना काहीही स्थान नाही. प्रभामंडळाचा त्याने स्पष्ट उल्लेख केला आहे, तेव्हा त्याचा अर्थ लावण्यास हरकत नाही. मात्र तो अर्थ तेजोवलयाच्या आकाराला आहे, त्यात भरलेल्या पिवळ्या रंगाला नव्हे. अंगरखा आणि विजार यांविषयी वर्गात सांगितले ते शिकवणाऱ्याचे मत म्हणून वहीत वेगळे लिहून ठेवावे आणि स्मिथ यांच्या रेषेने जे नक्की केले आहे, म्हणजे पाय, दोर, पाने आणि चेहरा, त्यावर आपल्या वाचनाचा भार टाकावा.